वर्षाची बेगमी

राजांच्या जमाखर्चाचे दफ्तर जपले गेले, देवस्थानांच्या उत्पन्नाच्या फडनिशी नोंदी राहिल्या, सावकारांच्या खतावण्याही कोर्टकचेरीच्या निमित्ताने पुष्कळशा हाती लागल्या. परंतु ज्या व्यवहारावर महाराष्ट्रातले सामान्य घर शतकानुशतके उभे राहिले, त्या वर्षाच्या बेगमीची नोंद कोणी वेगळी ठेवली नाही. ती ठेवण्याचे कारणच कोणाला वाटले नाही, कारण तो व्यवहार माजघरात चाले आणि तो चालविणाऱ्या बहुतेकींना अक्षरओळख नसे. तरीही काटकसरीचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्याचा आरंभ पेढीपासून नव्हे, धान्याच्या कणगीपासून करावा लागेल, असे माझे पक्के मत आहे.

जुन्या गावगाड्यात धान्य घरात येई ते वर्षातून एकदा. पौष-माघात खळी झाली की शेतकऱ्याची रास, बलुतेदाराचे बलुते, जोशीबुवांचा वाटा आणि वतनदाराचा हक्क हे सारे खळ्यावरच मोजले जाई, आणि जे पदरात पडे त्यावर पुढचे खळे येईतो संसार ओढावा लागे. मोजमाप वजनाचे नसून मापाचे असे: चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, मण आणि खंडी. चार शेरांची पायली सर्वत्र परिचित असली तरी मणाच्या पायल्या प्रांतोप्रांती बदलत, आणि म्हणूनच परगावी लेक दिलेल्या घरांत धान्याच्या गोष्टी बोलताना ‘तुमच्याकडचे माप की आमच्याकडचे’ हा प्रश्न आधी येई. त्या एकदाच येणाऱ्या धान्याचे बारा महिन्यांत विभाजन करणे, त्यातून बियाणे राखणे, सणवार, पाहुणा, बाळंतपण आणि श्राद्धपक्ष यांचा अंदाज बांधणे, हे काम कागदावाचून, केवळ मनात, घरातली वडीलधारी बाई करी.

किल्ल्याची आणि घराची रीत याबाबतीत एकच होती. पन्हाळगडावर अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती ह्या तीन प्रचंड कोठ्या आजही उभ्या आहेत, आणि सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० साली शिवाजी महाराज महिनोन्‌महिने ज्या गडावर टिकून राहिले त्या गडाचे बळ तटबंदीइतकेच कोठारात असते, हे त्या भिंतींची जाडी पाहिली की उमगते. जे गडाचे, तेच घराचे. घाटावरच्या जुन्या वाड्यांत भिंतीच्या पोटात किंवा माजघराच्या कडेला बांधलेले बळद असे. त्यात वरच्या तोंडाने धान्य ओतीत, आणि खाली जमिनीलगत एक भोक ठेवून त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असे. रोजचे लागेल तेवढे धान्य बोळा काढून सुपात घ्यावयाचे आणि बोळा पुन्हा बसवावयाचा. ह्या साध्या रचनेत मोठे शहाणपण होते. नवे धान्य वर पडे आणि जुने खालून आधी निघे, त्यामुळे तळाशी वर्षानुवर्षे पडून राहून किडण्याची भीती उरत नसे. बांबूच्या कामट्यांची, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली कणगी ही ज्यांना वाडा नव्हता त्यांची सोय. तिच्यातले धान्य राखेने, कडुनिंबाच्या पाल्याने आणि पुढेपुढे गहू-तांदूळ असल्यास एरंडेलाच्या हाताने राखले जाई.

सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या, मुरमाड भागात पेवाची चाल होती. तोंडाशी निमुळता आणि आत घागरीसारखा फुगलेला खड्डा खोदून, बाजूंना कडब्याचे अस्तर देऊन, त्यात ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून टाकीत. हवा आणि ओल यांपासून तुटलेली ती ज्वारी, तिला एक उग्र वास येत असला तरी, वर्षानुवर्षे खाण्याजोगी राही. पेव उघडणे हे जोखमीचे काम होते. आत कोंडलेल्या दूषित वायूने माणूस गुदमरून जागच्या जागी मरत असल्यामुळे तोंड उघडल्यावर बराच वेळ थांबत, मग दोरीला बांधून पेटता दिवा आत सोडीत, आणि तो विझला तर कोणालाही उतरू देत नसत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची अशी पेवे परवापरवापर्यंत व्यापारात होती. २००५च्या महापुराने त्यांची वाताहत केली.

पण बेगमीचा हा सारा खटाटोप केवळ दुष्काळाच्या भयापोटी होता असे समजणे बरोबर होणार नाही. त्याचे खरे मर्म भावाच्या चढउतारात आहे. खळ्यावर धान्य स्वस्त, आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा जुने सरत आलेले आणि नवे अजून शेतात हिरवे असते, तेव्हा ते महाग. ज्याच्या कणगीत तोवर दाणा शिल्लक आहे तो सुखी. ज्याच्या घरी नाही त्याला वाण्याच्या दारात जाऊन सवाईने किंवा दिढीने धान्य आणावे लागे, म्हणजे मणाला सुगीत सव्वा मण किंवा दीड मण परत करावयाचे. अवघ्या चार-पाच महिन्यांत एवढी वाढ देणारे कर्ज फेडता फेडता पुढच्या वर्षाचे खळेच अपुरे पडे, आणि मग कणगी कधीच भरत नसे. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १८७५च्या मे महिन्यात रयत उठली तेव्हा तिने सावकारांच्या घरातली खतपत्रे हिसकावून जाळली. त्या उठावातून पुढे १८७९चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट निघाला. रोख्यांचा तो इतिहास ग्रंथांतून आला आहे. त्या रोख्यांमागे रिकाम्या कणग्या होत्या, हे मात्र तितक्या आवर्जून कोणी सांगत नाही. काटकसर हा गरिबाचा गुण म्हणून वाखाणण्याची आपल्याकडे फार सवय आहे. प्रत्यक्षात वर्षाचे धान्य एका वेळी घरात भरून स्वस्ताईचा लाभ घ्यावयाला हाती काहीतरी असावे लागे, आणि ज्याच्या हाती काही नव्हते तो तेच धान्य सर्वांत महाग खाई.

कोकणात भावापेक्षा पाऊस कठोर. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की वाटा बंद, नद्यांना पूर, खाडी खवळलेली, आणि मुंबईहून येणाऱ्या आगबोटीही पावसाळाभर थांबलेल्या. तेव्हा भाताबरोबर आमसुले, मीठ, सुके बोंबील आणि सोडे, शेणी आणि लाकूडफाटा हे सर्व वैशाखातच घरात यावे लागे. गोव्यात ह्या साठवणीला पुरुमेंत म्हणतात, आणि मडगावचे पुरुमेंताचे फेस्त मेच्या अखेरीस ह्याच खरेदीसाठी भरते.

आता मी ज्या गोष्टीकडे येऊ इच्छितो ती अशी की, ही सगळी बचत द्रव्याची होती, वेळेची नव्हती. किंबहुना द्रव्य वाचविण्यासाठी जे नाणे मुक्त हस्ताने खर्ची पडत होते ते स्त्रियांच्या वेळेचे होते. चैत्र-वैशाखाचे कोणतेही एक काम जवळून पाहावे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत पडे आणि रोज त्याचे पाणी बदलावे लागे. चौथ्या दिवशी तो पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून, पिळून त्याचा चीक काढावयाचा, वस्त्रातून गाळावयाचा आणि रात्रभर निवळत ठेवावयाचा. पहाटे उठून वरचे आंबूस पाणी ओतून टाकावयाचे, चीक मोजून त्याच्या मापाने आधण ठेवावयाचे, त्यात हिंग-मीठ घालावयाचे, आणि मग एकीने चीक ओतीत दुसरीने तो लाकडी दांड्याने सारखा घोटीत राहावयाचे, कारण क्षणभर हात थांबला तर गुठळी धरे. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात गेला पाहिजे, आणि सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी कुरडया कापडावर पडल्या पाहिजेत. असे पाच दिवस कुरडयांचे, मग पापड, सांडगे, शेवया, मग मिरच्यांचे देठ खुडून उखळात तिखट कांडणे, मग डाळी भरडणे, मग लोणची. शेतात जशी सावड चाले तशी ह्या कामातही चाले: आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि पापडाच्या लाट्या कापल्या की आळीतल्या बायका पोळपाट घेऊन आपापल्या जागी येऊन बसत. ह्या सहकारात आनंद नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्या आनंदाची आठवण काढणाऱ्यांत वाळवणावर कावळे राखणारी आणि वाटीभर चीक खाणारी मुलेच अधिक असतात, हेही खरे आहे.

आणि हे तर वर्षातले काही आठवडे. जाते रोजचे होते. कोंबडा आरवण्यापूर्वी उठून, अंधारात, घराच्या माणसांना पुरेल इतकी ज्वारी किंवा बाजरी दळणे हा स्त्रीजन्माचा पहिला नित्यक्रम. जात्यावरच्या ओव्यांचे वैभव आपण अभिमानाने सांगतो, पण त्या ओव्यांना पुरेल एवढा वेळ तेथे जात होता, हे त्या वैभवाच्या पोटी लपून राहते. ह्या वेळेला किंमत मुळीच नव्हती असेही नाही. गावोगावी दळण-कांडण करून पोट भरणाऱ्या निराधार विधवा होत्या, आणि त्यांना त्याबद्दल पसाभर धान्य मिळे. बाजारात तो दर इतका क्षुद्र होता, म्हणूनच घरात तो शून्य धरला गेला.

हा हिशोब प्रथम कोणी मोडला असेल तर तो पिठाच्या गिरणीने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या गिरण्या शहरांतून आणि हळूहळू मोठ्या गावांतून ठोके देऊ लागल्या, तेव्हा गिरणीचे पीठ उष्ण पडते, त्यातले सत्त्व जाते, त्याच्या भाकरीला चव नसते, असे पुष्कळ आक्षेप निघाले. त्यांतले काही रास्तही असतील. परंतु आक्षेपांच्या मुळाशी दळणावळ होती. जे काम आजवर फुकट होत होते त्यासाठी रोख पैसे मोजावयाचे, ही गोष्ट काटकसरी गृहस्थाला उधळपट्टी वाटली तर नवल नाही. आणि तरीही ती त्याने मान्य केली, तेव्हा आपल्या घरातल्या पहाटेला काही मोल आहे हे महाराष्ट्रात प्रथमच रोख स्वरूपात कबूल झाले. इतिहासात ह्या घटनेला तारीख नाही. मला ती फार मोठी घटना वाटते.

शहरात बेगमीचे स्वरूप निराळेच झाले. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीच्या एका खोलीत बळद कोठून येणार? धान्य आता रॉकेलच्या रिकाम्या, घासूनपुसून झाकण बसवून घेतलेल्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांत भरले जाऊ लागले, आणि वर्षाची जागा महिन्याने घेतली, कारण पगार महिन्याचा होता. कारकुनाची बायको वैशाखात गहू-तांदूळ भरून ठेवण्यासाठी धडपडे. गिरणी-कामगाराच्या घरी वाण्याची वही चाले आणि पगार होताच ती भागवावी लागे. अशा स्थितीत दुसरे महायुद्ध आले, आणि मे १९४३मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. माणशी ठरलेला शिधा, दुकानापुढची रांग, आणि ठराविक मर्यादेपलीकडे धान्य घरात ठेवणे हा गुन्हा. शेकडो वर्षे जी गोष्ट गृहिणीचे भूषण होती तीवर आता साठेबाजीचे सावट पडले. सरकारचाही इलाज नव्हता, कारण बंगालमध्ये त्याच वर्षी अन्नान्न करून लक्षावधी माणसे मरत होती. पण रांगेत जे तास गेले तेही पुन्हा बहुतांशी बायकांचेच गेले. धान्यावरचे नियंत्रण १९५४मध्ये उठले तेव्हा माळ्यावरचे डबे पुन्हा भरले, आणि थोड्याच वर्षांत दशमान पद्धत आल्यावर पायली-अधोलीची मापे बाजारातून निघून घरोघरच्या कोनाड्यांत गेली.

१९५९च्या सुमारास प्रेशर कुकर आपल्या देशात बनू लागला. डाळ शिजण्याचा वेळ आणि इंधन असे दोन्ही एकदम वाचविणारे ते पहिलेच भांडे, आणि मध्यम वर्गाने ते हप्त्याने का होईना घेतले. १९५९च्याच मार्च महिन्यात मुंबईत गिरगावातल्या सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन विक्रीसाठी पापड लाटावयास प्रारंभ केला. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. ह्या दोन घटनांत मला दुसरी अधिक महत्त्वाची वाटते. तेच उडदाचे पीठ, तोच पापडखार, तेच पोळपाट. भेद इतकाच की सकाळी केंद्रावरून नेलेल्या पिठाचे पापड घरी लाटून, वाळवून परत आणले की ते जोखले जात आणि त्या वजनावर मेहनताना हातात पडे. गावातल्या विधवेला पसाभर धान्यावर जे काम करावे लागत होते, तेच काम करणाऱ्या बाईला येथे संस्थेत मालकीचा वाटा मिळाला.

राहता राहिला प्रश्न भावाचा, म्हणजे घाऊक खरेदीचा लाभ ज्याच्यापाशी एकरकमी पैसा नाही त्याला कसा मिळावा, हा सुप्याच्या रयतेपासूनचा प्रश्न. बिंदुमाधव जोशी यांनी उभ्या केलेल्या ग्राहक चळवळीने आणि १९७५मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने त्यावर एक उपाय काढला. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करावयाचा, महिन्याची मागणी आगाऊ लिहून द्यावयाची, आणि सर्वांच्या मागणीची एकत्र खरेदी उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून करावयाची. माल संघातल्या कोणा एकाच्या घरी उतरे, आणि त्याची वाटणी, मोजणी व हिशोब ही कामे पगारी नोकर न ठेवता सभासद आपसांतच करीत. दरमहाच्या त्या कामाला बहुतेक घरांतून बायकाच येत, आणि कोणाच्या वाट्याला किती डाळ व किती गूळ गेला हे त्या स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवीत.