तीन हजार चिठ्ठ्या आणि एक चौकट
व्यापारी संख्याशास्त्राच्या ओनाम्याची कथा

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आज संख्याशास्त्राचा पहिला धडा बहुधा संगणकावरील स्प्रेडशीटसमोर बसून गिरवतो. रकान्यात आकडे भरावेत, खालच्या चौकटीत एक सूत्र लिहावे, की सरासरी हजर! आणखी एक सूत्र लिहिले की आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत, तेही क्षणात कळते. पूर्वी ज्या कामी कारकुनाची अख्खी दुपार खर्ची पडे, ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. ही सोय क्षुल्लक नव्हे. परंतु उत्तर इतक्या स्वस्तात मिळू लागले, की त्यामागील प्रश्न कोणता होता याचा विसर पडण्याचा संभव असतो. तो प्रश्न कोणी, कोठे आणि कोणत्या अडचणीतून विचारला, हे पाहिले म्हणजे या विद्येचा मूळ हेतू ध्यानात येतो.

पेढीवरील जमाखर्चाला संख्याशास्त्राची गरज नव्हती. इंदूरच्या सराफ्यात काय किंवा वडोदऱ्याच्या बाजारात काय, रोजकीर्दीवरून खतावणी होई आणि खतावणीवरून वर्षाचा नफातोटा निघे. दिवाणजी पै न् पैचा मेळ घाली, कारण त्याच्यासमोर जे घडून गेले ते सर्वच्या सर्व मांडलेले असे. संख्याशास्त्राचा प्रांत याच्या पलीकडे सुरू होतो. समोर थोडे आहे आणि त्यावरून पुष्कळांविषयी बोलावयाचे आहे. मूठभर दाणे पाहून पोत्याची परीक्षा करावयाची आहे. अशा वेळी चूक किती होऊ शकेल, याचा अंदाज बांधणारी विद्या ती ही.

या विद्येतील अत्यंत उपयोगी शोधांपैकी एक डब्लिन शहरातील बिअरच्या कारखान्यात लागला. गिनेस ही तेथील जुनी व मोठी कंपनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिने ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विज्ञानाचे पदवीधर नोकरीस घेण्यास प्रारंभ केला. १८९९ साली विल्यम सीली गॉसेट नावाचा रसायन व गणित शिकलेला तरुण तेथे रुजू झाला. बार्लीची कोणती जात चांगली, हॉप्सचा कस कसा ओळखावा, असे त्याच्यापुढील प्रश्न होते. अडचण अशी की, प्रयोग खर्चिक असल्याने निरीक्षणे थोडी मिळत. कधी चार, कधी दहा. त्या काळचे संख्याशास्त्र तर शेकड्यांनी व हजारांनी निरीक्षणे गृहीत धरून चाले. थोड्या आकड्यांना तेच नियम लावले तर निष्कर्ष वाजवीपेक्षा अधिक ठाम निघतात, हे गॉसेटने हेरले.

१९०६-०७ साली कंपनीने त्याला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत शिकण्यास धाडले. तेथे त्याने गणिताने एक सूत्र मांडले आणि ते पडताळण्यासाठी अतिशय साधी युक्ती केली. तीन हजार कैद्यांची उंची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची मोजमापे छापून प्रसिद्ध झालेली होती. ती गॉसेटने पुठ्ठ्याच्या तीन हजार तुकड्यांवर उतरविली, तुकडे नीट पिसले आणि एकेक काढून त्यांचे चारचारांचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी व विचलन काढून ती सूत्राशी ताडून पाहिली. गणित आणि पुठ्ठ्याचे तुकडे यांचे जमले. हा निबंध १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात आला, पण ‘स्टूडंट’ या टोपणनावाने. कारण नोकरांनी स्वतःच्या नावाने लेखन प्रसिद्ध करणे कंपनीला मान्य नव्हते. म्हणूनच ही कसोटी आजही त्या अनामिक ‘विद्यार्थ्या’च्याच नावाने ओळखली जाते. तिला काटेकोर सिद्धता रोनाल्ड फिशर यांनी दिली आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने ती संशोधकांच्या नित्य व्यवहारात आणली.

गॉसेटचे म्हणणे व्यवहारातील उदाहरणाने स्पष्ट होईल. एका दुकानाची पाच दिवसांची विक्री अनुक्रमे ४०, ४४, ४६, ५० आणि ७० नग झाली असे समजू. सरासरी ५० नग. प्रत्येक दिवसाचे सरासरीपासूनचे अंतर घेऊन त्याचे वर्ग केले, तर बेरीज ५५२ येते. हे पाच दिवस म्हणजेच सगळे विश्व असेल तर तिला पाचाने भागावे. परंतु ते पुष्कळ दिवसांचा नमुना असतील तर चाराने. पहिल्या रीतीने प्रमाण विचलन १०.५ येते, दुसऱ्या रीतीने ११.७. स्प्रेडशीटमध्ये या दोहोंसाठी दोन निरनिराळी सूत्रे आहेत आणि कोणते घ्यावे हे यंत्र सांगत नाही. पुढे, खरी सरासरी कोणत्या मर्यादांत असावी हे शेकडा ९५ खात्रीने सांगावयाचे, तर मोठ्या नमुन्याच्या जुन्या नियमाने ३९.७ ते ६०.३ असे उत्तर येते. गॉसेटच्या नियमाने ३५.४ ते ६४.६. जो व्यापारी पहिल्या उत्तरावर विसंबून माल भरील, तो स्वतःस आहे त्याहून अधिक जाणता समजेल. शिवाय ७० नगांचा दिवस आठवड्याच्या बाजाराचा होता काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर कोणत्याही सूत्रात नसून दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसापाशी असते.

हिंदुस्थानात या विद्येची पेठ वसविली ती प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. १९३१ साली त्यांनी कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापिली आणि १९३३ साली ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू केले. महाराष्ट्राचा वाटाही येथे मोलाचा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. परत आल्यावर पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुन्यावरून कसा बांधावा, या प्रश्नास त्यांनी वाहून घेतले. शेतात अगदी लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापले, तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. कडेवरच्या रोपांना आत घेण्याकडे माणसाचा कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितके कडेचे महत्त्व अधिक. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या दिवसांत असा फुगलेला आकडा म्हणजे खोटा दिलासाच होता. येथे बेरीज-भागाकारात तसूभरही चूक नव्हती. चूक दोरी लावण्यातच होती.

यानंतरचा अंक अमेरिकेतला. हिशेबनिसांच्या जोडपानी रुंद कागदास तिकडे ‘स्प्रेडशीट’ म्हणत. १९७८ साली हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातील एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे पाहून त्याच्या मनात आले, की हा फळाच आपणहून पुन्हा हिशेब करील तर! बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने ते साधले आणि १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आले. त्यात ६३ रकाने व २५४ ओळी होत्या. १९८३ साली ‘लोटस वन-टू-थ्री’ आणि १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ आले. २००७ पासून एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावू लागल्या.

हे साधन जन्मले ते अंदाजपत्रकासाठी. संख्याशास्त्र त्यात मागाहून आले. या जन्मकथेच्या खुणा त्यात पुष्कळ काळ राहिल्या. प्रमाण विचलन काढण्याची जुनी रीत अशी होती की, मोठ्या आकड्यांतील लहान फरक तिच्या हातून निसटत. दहा कोटी एक, दहा कोटी दोन आणि दहा कोटी तीन या संख्यांचे प्रमाण विचलन १ असते, हे शाळकरी मुलगाही सांगेल. पण त्यांचे वर्ग सतरा अंकी होतात आणि पान सुमारे पंधरा अंकच जपते. मग उत्तर चुकते. १९९९ साली मॅक्कलो व विल्सन या संशोधकांनी असे दोष जाहीरपणे दाखविले आणि पुढे २००३ च्या आवृत्तीत ही रीत सुधारण्यात आली. सरासरीच्या मर्यादा काढण्याचे तयार सूत्रही प्रथम मोठ्या नमुन्याचा नियमच वापरी. गॉसेटच्या नियमाने तेच काम करणारे स्वतंत्र सूत्र २०१० च्या आवृत्तीत दाखल झाले. १९०८ सालची सावधगिरी तयार चौकटीत येण्यास शंभरावर वर्षे लागली!

त्याच २०१० साली घडलेली एक गोष्ट या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ९० हून अधिक झाले, की प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. खर्चकपातीच्या वादात युरोप-अमेरिकेतील राज्यकर्त्यांनी हा निष्कर्ष वारंवार पुढे केला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ स्प्रेडशीट मिळवून तपासली. वीस देशांच्या सरासरीचे सूत्र पंधराव्याच ओळीशी थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते. मूळ लेखकांनी सूत्रातील ही चूक मान्य केली.

परंतु हर्नडन व त्याचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांच्या मते मोठा फरक या चुकीचा नव्हता. काही वर्षांचे आकडे हिशेबात धरलेच नव्हते. शिवाय न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वर्ष, ज्यात वाढ उणे ७.६ टक्के होती, ते आणि ब्रिटनची २.४ टक्के सरासरी वाढीची १९ वर्षे यांना एकाच मापाने तोलले होते. या तिघांच्या हिशेबाने ती सरासरी अधिक २.२ टक्के येत होती. अधिक कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध तरीही दिसतोच, असे मूळ लेखकांचे म्हणणे राहिले. वाद विद्वानांचा असो. पण कोणाला किती वजन द्यावे, हा सरासरीच्या पहिल्या धड्यातील प्रश्न त्याच्या मुळाशी होता. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये तर फाइलच्या जुन्या प्रकारात ओळी अपुऱ्या पडून कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनिक आकडेवारीतून गळले आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला.

यावरून स्प्रेडशीट टाकून पुन्हा पुठ्ठ्याचे तुकडे हाती घ्यावेत, असे कोणी म्हणणार नाही. उलट, गॉसेटचा प्रयोग घरबसल्या करून पाहण्याचे साधन आज प्रत्येक विद्यार्थ्यास लाभले आहे. सामान्य वितरणातील तीन हजार यादृच्छिक संख्या पानावर उमटवाव्यात, त्यांचे चारचारांचे ७५० गट पाडावेत आणि प्रत्येक गटावरून ९५ टक्के खात्रीच्या मर्यादा काढाव्यात. तशा मर्यादांबाहेर खरी सरासरी ३७-३८ वेळा राहावी, अशी अपेक्षा असते. मोठ्या नमुन्याच्या नियमातील १.९६ हा गुणक वापरला तर ती सुमारे ११० वेळा बाहेर राहिलेली आढळेल. गॉसेटच्या नियमातील ३.१८ घेतला तर संख्या पुन्हा अपेक्षेजवळ येईल. आधी पाच आकड्यांचे उदाहरण कागदावर हाताने सोडवावे, मग हा प्रयोग करावा, आणि प्रत्येक सूत्राने कोठून कोठपर्यंतच्या ओळी घेतल्या हे बोट ठेवून पाहावे. डब्लिनच्या त्या ‘विद्यार्थ्या’स जे उमगण्यास तीन हजार चिठ्ठ्या पिसाव्या लागल्या, ते अशा विद्यार्थ्यास एका संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.