वऱ्हाडची एकाकी लेखिका आणि स्त्रियांच्या लेखनमंडळांची वाटचाल

वाशीम जिल्ह्यातील मानोरा ज्या वऱ्हाड प्रांतात मोडते, त्याच प्रांतातील बुलढाणा येथे राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये झालेली शिक्षा आणि त्या अनुषंगाने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर ठेवलेला ठपका हे या लेखनाचे निमित्त होते. निबंधावर झोड उठली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. तरीही त्यांचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि पहिलेही १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रित करेपर्यंत विस्मृतीत राहिले.

या मौनाचे कारण म्हणून टीकेकडे बोट दाखविले जाते. ते अपुरे वाटते. टीका पुण्यातील स्त्रियांच्याही वाट्याला आलीच होती. १८८२ मध्येच पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या सभांना जाणाऱ्या रमाबाई रानडे यांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष व टोमणे सोसावे लागले. पतीचा पाठिंबा त्यांना होता हे खरे. परंतु ताराबाईंनाही सत्यशोधक विचारांच्या वडिलांचे, बापूजी हरी शिंदे यांचे, बळ होतेच. फरक घराबाहेर होता. पुण्यात सभेच्या दिवशी ऐकणाऱ्या, विचारणाऱ्या आणि पुन्हा भेटणाऱ्या दहाजणी होत्या. बुलढाण्यात तशी बैठक नव्हती. पुढे मुंबईत रमाबाई रानडे यांनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब चालविला, तेथे भाषा व सामान्यज्ञानाचे वर्ग भरत. त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये आले, ते या दीर्घ सहवासानंतर.

मुद्रित नियतकालिकाने या मंडळाला गावाची सीमा ओलांडून दिली. शंकरराव किर्लोस्कर यांनी ऑगस्ट १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू केले. वाचक स्त्रियांची पत्रे त्यात छापली जात, आणि पत्र लिहिणारीच कालांतराने लेख पाठवू लागे. मात्र हा वर्ग बहुतांशी पांढरपेशा होता, हे विसरून चालणार नाही.

त्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या स्त्रिया गप्प नव्हत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वास विरोध, गिरणी कामगार स्त्रियांच्या सवलती यांवर परिषदेने ठराव केले. ठराव कागदावर राहिले. ते करणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य मात्र कोणी लिहून घेतले नाही. हे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हाती घेतले. मुंबईत १९८० च्या दशकात दलित लेखिका एकत्र येऊ लागल्या होत्या. ‘संवादिनी’ हे त्यांतील एक व्यासपीठ. याच काळात या दोघींनी आंबेडकरी चळवळीतील वृद्ध कार्यकर्त्यांचा माग काढून त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

येथे लेखनमंडळाचे स्वरूपच बदललेले दिसते. पूर्वी मंडळात येणारी स्त्री स्वतः लिहिण्यास शिके; आता लिहू शकणारी स्त्री न लिहिलेल्या स्त्रीच्या दारी जाऊ लागली. ऊर्मिला पवार यांचे आत्मकथन ‘आयदान’ २००३ मध्ये, म्हणजे इतरजणींचे आयुष्य नोंदविल्यानंतर चौदा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. त्यांच्या आई त्या विणून कुटुंब चालवीत असत.