दुर्बल बिनतारी दुव्याचे सबलीकरण : महाराष्ट्रातील प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : वाशिम जिल्हा)

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे प्राचीन वत्सगुल्म अजिंठा डोंगररांगेच्या पठारावर वसले आहे. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात गावे विखुरलेली आहेत आणि मधल्या टेकड्या दृष्टीआड करणाऱ्या आहेत. अशा प्रदेशात तारेविना दूरचा संपर्क साधावयाचा झाल्यास दुवा क्षीण का होतो आणि तो बळकट कसा करावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. आपत्तीच्या वेळी तार तुटते, वीज जाते; तेव्हा टिकून राहणारा दुवा कोणता, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी बिनतारी संचालकांनी बजावलेल्या सेवेने हे दाखवून दिले आहे. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर गेल्या शतकात टप्प्याटप्प्याने कसे घडत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हौशी संचालक आणि लघुलहरींचा शोध

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दूरच्या बिनतारी संपर्कासाठी लांब लहरी आणि प्रचंड शक्ती लागते, असा तज्ज्ञांचा समज होता. त्यामुळे २०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी निरुपयोगी ठरवून अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने त्या हौशी मंडळींकडे सोपविल्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लिओन देलॉय आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटर लहरीवर अटलांटिकपार दुहेरी संभाषण साधले आणि हा समज ढासळला. त्याच सुमारास मार्कोनी आणि त्यांचे सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांचेही लघुलहरींवरील प्रयोग चालू होते.

खडकी-दौंड बीम केंद्र

या प्रयोगांतून 'बीम' पद्धती साकारली. उंच मनोऱ्यांदरम्यान तारांचा पडदा टांगून आणि त्यामागे परावर्तक पडदा ठेवून सर्व ऊर्जा एकाच दिशेने पाठविणे, हे तिचे तत्त्व होते. १९२४ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याशी करार झाला आणि सप्टेंबर १९२७ मध्ये इंग्लंड-भारत बीम सेवा सुरू झाली. भारताकडील प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीस, तर ग्रहण केंद्र दौंडला होते. लांब लहरींच्या केंद्रांना शेकडो किलोवॅट शक्ती लागत असताना बीम प्रक्षेपकांचे काम सुमारे २० किलोवॅटवर भागत असे.

येथे दोन धडे ठळकपणे दिसतात. पहिला असा, की दुवा क्षीण असेल तर शक्ती वाढविण्याआधी दिशा साधावी. दुसरा असा, की मोठ्याने बोलणाऱ्याला त्याच वेळी दुरून येणारा बारीक आवाज ऐकू येत नाही. म्हणूनच प्रक्षेपण आणि ग्रहण यांत खडकी ते दौंड एवढे अंतर राखण्यात आले.

मात्र लघुलहरी आयनांबरावर अवलंबून असल्याने दिवस-रात्र, ऋतू आणि सौरडाग यांनुसार दुवा बदलत राहिला. ही मर्यादा उपग्रहानेच ओलांडली. नारायणगावजवळील आर्वी येथे १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या विक्रम भू-केंद्राची सुमारे ३० मीटर व्यासाची थाळी हे दिशा साधण्याच्या तत्त्वाचेच पुढचे रूप होय.

जाळ्यांचे युग

२००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त झाला आणि स्वस्त वाय-फाय यंत्रे ग्रामीण भागात नेण्याचा मार्ग खुला झाला. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी आयआयटी कानपूर येथे असताना, त्याच वर्षी, लांब पल्ल्याच्या मेश जाळ्यांसाठी 'टू-पी' ही पद्धत मांडली. एका मनोऱ्यावरील एक अँटेना बोलत असताना दुसरी ऐकू लागली, तर गोंधळ होतो. म्हणून सर्व अँटेनांनी एकाच वेळी बोलावे आणि एकाच वेळी ऐकावे, असा तिचा नियम आहे. खडकी-दौंडने जे अंतराने साधले, ते येथे वेळेने साधले गेले. पुढे हे दोघेही आयआयटी मुंबईत आले. त्यांच्या २००६ च्या मोजमापांतून असे दिसले, की अशा दुव्यांवरील हानीचे मुख्य कारण परावर्तित लहरी नसून आसपासच्या इतर वाय-फाय यंत्रांचा अडथळा हे असते.

आयआयटी मुंबईच्याच 'ग्राममार्ग' प्रकल्पाने अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली पालघर परिसरात निराळी वाट चोखाळली. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या पट्ट्यातील लहरी झाडी आणि चढउतार यांना तुलनेने कमी अडतात. त्यांचा उपयोग तेथे गावे जोडण्यासाठी करून पाहण्यात आला. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत हा प्रकल्प पुरस्कारप्राप्त ठरला.

वाशिमच्या संदर्भात

या इतिहासातील धडे वाशिमच्या भूगोलास लावून पाहता येतात. ३० किलोमीटरचा २.४ गिगाहर्ट्झचा दुवा घेतल्यास मोकळ्या अवकाशातच सुमारे १३० डेसिबल क्षय होतो. प्रक्षेपकाची शक्ती दुप्पट केल्यास केवळ ३ डेसिबल हाती लागतात. परंतु दोन्ही टोकांच्या थाळ्यांचा व्यास दुप्पट केल्यास १२ डेसिबल, म्हणजे सोळापट लाभ होतो. केवळ समोरचा मनोरा दिसणे पुरेसे नाही. मध्यावर पृथ्वीच्या वक्रतेसाठी सुमारे १३ मीटर आणि लहरीच्या विस्तारासाठी सुमारे १८ मीटर, अशी एकूण ३१ मीटर मोकळीक सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर हवी. उन्हाळ्यात चांगला चालणारा दुवा पावसाळ्यात वाटेतील झाडे पालवल्यावर क्षीण का होतो, याचे उत्तर अनेकदा येथेच सापडते. शिवाय ३० किलोमीटर जाऊन परत येण्यास संदेशाला २०० मायक्रोसेकंद लागतात. घरगुती अंतरासाठी आखलेले यंत्र तेवढे थांबत नाही आणि पोचलेला संदेशही हरवला असे समजून तो पुन्हा पाठवीत राहते. म्हणून पोचपावतीची मुदत वाढविणे आवश्यक ठरते. एवढे करूनही टेकडी आड येत असेल, तर पठारावरील उंच जागी मधले केंद्र उभारून एका लांब दुव्याचे दोन आखूड दुवे करणे श्रेयस्कर.

समारोप

१९२७ चे खडकी-दौंड केंद्र साम्राज्याच्या व्यापारासाठी उभारले गेले, तर पालघरचे प्रयोग खेड्यांसाठी झाले. हेतू पालटला, तत्त्व मात्र तेच राहिले. दिशा, उंची, मोकळी वाट आणि बोलण्या-ऐकण्याची शिस्त यांनी जे साधते, ते केवळ शक्तीने साधत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान आणि भूगोल विभागांनी एकत्र येऊन पठाराचे उंचसखलपण आणि दुव्यांची ऋतुमानानुसार मोजमापे नोंदविली, तर पुढच्या आपत्तीपूर्वीच कामास येईल असे ज्ञान जिल्ह्याच्या हाती राहील.