आम्ही गोरेच आहोत, साहेब!

मागच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी तीन महिने कॅलिफोर्नियात होतो. एका रविवारी बर्कलीला भटकताना रस्त्याच्या पाटीवर नाव दिसलं, 'कला बगाई वे'. परदेशात आपल्याकडचं नाव दिसलं की आपण आधी फोटो काढतो. मीही काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि मग बाई कोण हे शोधायला लागलो.

कला बगाई १९१५ मध्ये नवरा वैष्णो दास आणि तीन मुलांसह पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला आल्या. बगाई कुटुंब पैसेवालं होतं. काही वर्षांनी त्यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन तिथे पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं लावून ठेवलेली! घर यांचं, पैसे मोजलेले, तरी आत जाता येईना. बगाई सामानासकट परत फिरले. त्याच गावाने २०२० मध्ये रस्त्याच्या एका तुकड्याला कलाबाईंचं नाव द्यायचं ठरवलं.

त्या शेजाऱ्यांनी वेगळं काही केलं नव्हतं. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना झोपायच्या जागेतून बाहेर ओढून मारहाण केली आणि गावाबाहेर हाकललं. मजूर बहुतेक शीख होते. पेपरवाले मात्र सगळ्यांना 'हिंदू'च म्हणायचे. हिंदुस्थानातून आला तो हिंदू, मग डोक्यावर पगडी असो नाहीतर फेज टोपी.

आता कायद्याकडे येऊ. १७९० च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्ती'ला नागरिक होता येत होतं. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. म्हणजे गोरे चालतील, काळे चालतील. मधल्यांचं काय? कायद्यात उत्तर नव्हतं, त्यामुळे प्रत्येक न्यायाधीश आपापलं उत्तर देत होता. आपल्या मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० मध्ये अपिलात 'गोरे' ठरले. १९१३ मध्ये अक्षयकुमार मजुमदार उच्चवर्णीय हिंदू म्हणून 'गोरे' ठरले. एकच इनपुट, कोर्टागणिक वेगळं आउटपुट.

याच गोंधळात भगतसिंग थिंद सापडले. अमृतसर जिल्ह्यातले शीख. १९१३ ला अमेरिकेत आले, ऑरेगनच्या लाकूड गिरणीत राबले, १९१८ ला अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. त्या डिसेंबरात सैनिकी गणवेशातच त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० ला पुन्हा मिळालं. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं.

थिंदच्या वकिलांपैकी एकाचं नाव वाचून मी थबकलो. सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक, लॉस एंजेलिसमध्ये वकिली. नाव असं की लहानपणी आपल्या वाड्यात राहत असतील असं वाटावं. मनात म्हटलं, वा, आपला माणूस! मग त्यांच्या बाजूने काय युक्तिवाद झाला ते वाचलं.

चामडीच्या रंगावरून हक्क ठरवू नका, असा तो युक्तिवाद नव्हता. तो असा होता की थिंद गोरेच आहेत. उत्तर हिंदुस्थानातले उच्चवर्णीय हे आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरे. (शीख माणूस कोर्टात 'उच्चवर्णीय हिंदू' म्हणून उभा होता, हेही लक्षात ठेवा.) आणि रक्त शुद्ध कशावरून? तर जातीव्यवस्था आहे ना! बाहेर लग्नंच होत नाहीत. पुढे तर असंही मांडलं की लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींना जसं लेखतो, तसंच अमेरिकन माणूस निग्रोला लेखतो. थोडक्यात, साहेब, आम्हीही तुमच्यासारखंच लोकांना दूर ठेवतो, तेव्हा आम्हाला आत घ्या.

हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. वकिलाने कायद्याच्या चौकटीत जे जिंकून देईल ते मांडायचं असतं, हे मान्य. समोर १७९० चा कायदा होता, समतेवरचं भाषण ऐकायला कोणी बसलं नव्हतं. पण त्या युक्तिवादासाठी काही नवं शोधावं लागलं नाही. सगळा माल घरूनच आणलेला होता.

या धोक्याची जाणीव तेव्हा कोणाला नव्हती असंही नाही. कॉर्नेलमध्ये शिकणाऱ्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९०९ मध्ये जातीच्या इतिहासावर इंग्रजी पुस्तक काढलं होतं. हिंदू जगभर पसरले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, हे त्यांचं म्हणणं १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचविशीतल्या आंबेडकरांनी उद्धृत केलं. त्यानंतर सात वर्षंही झाली नव्हती, तोवर जात वॉशिंग्टनच्या कोर्टात पुरावा म्हणून हजर झाली.

निकाल १९ फेब्रुवारी १९२३ ला लागला, एकमताने. लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी माणसाच्या खटल्यात याच सदरलँडनी लिहिलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणून जपानी माणूस गोरा नाही. आता समोरचा म्हणतो मी कॉकेशियन आहे, तर म्हणाले, शास्त्रज्ञांची व्याख्या बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. क्लायंटने ऐन डेमोच्या दिवशी रिक्वायरमेंट बदलावी तसं! वर हेही सुनावलं की जातीच्या नियमांनी पंजाबात रक्ताची भेसळ पुरती थांबलेली दिसत नाही. म्हणजे ज्या जातीचा आधार घेतला, तीही कोर्टाने पटवून घेतली नाही. (सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले. त्यांना कोणी काही विचारलं नाही.)

हा 'सामान्य माणूस' कोण? बेलिंगहॅमच्या जमावातला. बर्कलीच्या घराला कुलूप लावणारा. आजवर गल्लीत चालत होतं ते आता सर्वोच्च न्यायालयाचं मत झालं.

त्यानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांवर खटले भरून पन्नासहून जास्त जणांचं नागरिकत्व काढून घेतलं. मजुमदारांचं गेलं. वैष्णो दास बगाईंचंही गेलं. परकीयांना जमीन बाळगायला कॅलिफोर्नियाचा कायदा आडवा येई, म्हणून त्यांना दुकान विकावं लागलं. हिंदुस्थानात जायला अमेरिकी पासपोर्ट मिळेना आणि ज्या ब्रिटिशांच्या राज्याला कंटाळून ते आले होते, त्यांचाच पासपोर्ट घ्या म्हणून सांगण्यात आलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जाताना वर्तमानपत्राला पत्र लिहून कारणं सांगितली होती.

पंडितांवरही खटला झाला. या वेळी त्यांनी 'मी गोरा' हा मुद्दा टेकूला घेतला नाही. १९१४ चं नागरिकत्व हा कोर्टाचा निकाल होता, सरकारने तेव्हा अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकिली उभी केली, घर बांधलं, लग्न केलं, आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, असं ते म्हणाले आणि जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकायलाच नकार दिला. तेव्हा कुठे सरकारने उरलेले खटले सोडले. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा रस्ता १९४६ ला उघडला, तोही नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. थिंदना त्याआधीच, १९३६ मध्ये, माजी सैनिक म्हणून नागरिकत्व मिळालं होतं.

पंडितांच्या पहिल्या युक्तिवादावर मी मित्रांमध्ये बरंच तोंडसुख घेतलं. मग २०१९ आठवलं.

पुण्यात पहिली नोकरी. टीममधला दिमापूरचा एक मित्र आणि मी मिळून फ्लॅट शोधत होतो. ब्रोकरने फोनवर आडनाव विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला, "मग काही प्रश्न नाही." फ्लॅट बघायला दोघं गेलो. मालक काकांनी मित्राचा चेहरा पाहिला आणि मला बाजूला घेऊन मराठीत सुरू झाले. हे लोक काय काय शिजवतात, वास येतो, रात्री-बेरात्री पार्ट्या, सोसायटीत बायका-पोरं आहेत. मी म्हटलं, "नाही हो काका, तो तसला नाही. चांगल्या घरचा आहे, वडील सरकारी अधिकारी आहेत. माझी गॅरंटी." काका विरघळले. फ्लॅट मिळाला. मला केवढा अभिमान वाटला होता स्वतःचा!

परतताना तो गाडीवर मागे बसला होता. एव्हाना त्याला मराठी बऱ्यापैकी कळायला लागलंय, हे माझ्या लक्षातच नव्हतं. सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, "वैसा नहीं हूँ, मतलब कैसा?"

सिग्नल सुटायला अजून वीसेक सेकंद होते. मी समोर बघत गिअर टाकला.