मोट, इंजिन आणि बोअर : आपल्या विहिरीच्या पाण्याची हकीकत



विहिरीचं पाणी हटलं की आपण म्हणतो, पाऊस कमी झाला. ते खरं आहेच. दुष्काळात विहिरी आजोबांच्या काळातही आटत होत्या. परंतु बऱ्या सालीसुद्धा माघ महिन्यात विहिरीचा तळ दिसावा, ही गोष्ट नवी आहे. ती कशी घडली, हे समजण्यासाठी आधी जमिनीखाली काय आहे ते पाहू.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या कातळावर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. घाटरस्त्याने जाताना कापलेल्या कड्याकडे बघा, हे थर स्पष्ट दिसतात. एखादा थर सलग, घट्ट काळा. एखादा बारीक पोकळ्यांचा, ज्याला पुष्कळ ठिकाणी मांजऱ्या खडक म्हणतात. मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा. घट्ट कातळात पाणी शिरत नाही. ते राहतं फक्त त्याच्या भेगांत, मांजऱ्याच्या कुजलेल्या भागात आणि वरच्या मुरमात.

हा मुरूम तरी कुठून आला? मुरलेल्या पाण्यानेच तो केला. लाखो वर्षं पाणी भेगांतून झिरपत राहिलं, खडक कुजवत राहिलं, त्याची माती झाली. ती उतारावरून वाहून खोऱ्यात साठली, म्हणून माळ उघडा आणि ओढ्याकाठची जमीन काळी, खोल. शेतात नांगराला लागणारी चुनखडीसुद्धा पाण्यात विरघळून आलेला चुना आहे, पाणी सुकलं आणि चुना मागे राहिला. डोंगराच्या कुशीत जिथे पोकळ थर संपतो आणि खाली घट्ट कातळ लागतो, तिथे झरा फुटतो. अशा झऱ्यांवर जुनी कुंडं झाली, देवळं झाली, वस्त्या झाल्या. आणि दिवाळीनंतर ओढा वाहतो तो काही पावसावर नाही. दोन्ही बाजूंच्या जमिनीतलं मुरलेलं पाणी हळूहळू त्यात उतरत असतं. विहिरी जास्त उपसल्या की आधी ओढा आटतो, हे त्यामुळेच.

पाणाड्या म्हणतो, खाली नदी वाहते. आपल्या कातळात तशी नदी नाही. भिजलेल्या विटेसारखी स्थिती आहे, आणि वीटसुद्धा फार पाणी धरणारी नव्हे. या खडकाचा एक मीटर जाडीचा थर पूर्ण भरलेला असला तरी त्यातून विहिरीला सुटणारं पाणी साधारण दोन सेंटिमीटरच भरतं. एकराच्या हिशेबात सांगायचं तर एक मीटर थरात ८० हजार लिटर. आता त्याच एकराला दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर पाणी द्या : दोन लाख लिटर लागले. म्हणजे एका पाळीला त्या एकराखालचा अडीच मीटर खडक रिकामा झाला.

भरपाई किती होते? अशा खडकात पावसाचा ढोबळमानाने दहावा हिस्सा खोल मुरतो. ५०० मिलिमीटर पावसाच्या दुष्काळी तालुक्यात तो ५० मिलिमीटर झाला, म्हणजे पुन्हा पाच सेंटिमीटरच. सबंध वर्षाचा पाऊस एका एकराखाली जे टाकतो, ते त्या एकराच्या एका पाळीचं पाणी! गव्हाला पाच-सहा पाळ्या दिल्या तर पाच-सहा एकरांचं मुरलेलं पाणी एका एकराने घेतलं. उसाचा हिशेब तुम्हीच करा. (दिलेल्यातलं थोडं पाणी परत मुरतं हे खरं, पण त्याने हिशेब बदलत नाही.) विहीर तुमच्या बांधात असते, तिचं पाणी मात्र शेजाऱ्याच्या रानाखालून आलेलं असतं.

हा खडक मोटेच्या काळीही असाच होता. मग तेव्हा भागलं कसं? मोटेत सव्वाशे लिटर पाणी धरा आणि तासाला चाळीस खेपा धरा. तासाचे पाच हजार लिटर झाले. सहा तासांनी बैल थकले, मोट सुटली. दिवसाचे तीस हजार लिटर, म्हणजे एक एकर भिजवायला आठवडा. आणि रात्रभर विहीर पुन्हा भरायची. तेव्हाचे लोक आपल्यापेक्षा शहाणे होते असं मी म्हणणार नाही. बैलाची ताकदच पाण्याची राखण करीत होती. पाणी मुरवण्याचा विचार मात्र तेव्हाही झालेला आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, ताली आणि बंधारे घालून पावसाचं पाणी शेतांत मुरवून मग पुढे जाऊ द्यावं, असं सरकारला सुचवलं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, इंग्रज सरकारचा सुविधाधिकाराचा कायदा झाला होता. ज्याची जमीन त्याला तिच्या खालचं पाणी काढण्याचा हक्क, असं त्यात धरलं होतं. बैल होते तोवर या हक्काने फारसं बिघडलं नाही.

मग इंजिन आलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, इतरही कारखाने होते. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि तारा वाडीवस्तीवर पोचू लागल्या. पाच अश्वशक्तीचा पंप पन्नास फुटांवरून तासाला पस्तीस हजार लिटरच्या आसपास पाणी काढतो. मोटेचं दिवसभराचं काम एका तासात! त्याला थकवा नाही, वैरण नाही. पुढे मीटर न बघता अश्वशक्तीवर बिल येऊ लागलं, तेव्हा पंप बंद करण्याचं कारणच उरलं नाही. यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. बागायत झाली म्हणून घरात चार पैसे आले, मुलं शाळेत गेली.

१९७२ चा दुष्काळ घरातल्या जुन्या माणसांना विचारा. त्यात विहिरी गेल्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी कातळ फोडणारी बोअरची यंत्रं मोठ्या प्रमाणावर कामाला लागली. जालन्याच्या मिशनमधला आणि सोलापूरचा हातपंप याच सुमाराचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमारास उभी राहिली. रोजगार हमीवर पाझर तलाव, नालाबांध झाले. पण जे यंत्र घागर भरायला आलं, ते लवकरच ऊस, केळी, संत्री, द्राक्षं भिजवू लागलं. विहिरीवर यारी बसली, सुरुंग झाले, आडवे बोअर झाले, मग उभे बोअर, मग पाणबुडी मोटर. दोनशे फूट, चारशे फूट. खोल बोअरला पाणी लागतं ते बहुतेक वरच्याच मुरमातून भेगेवाटे उतरलेलं असतं. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि दुसऱ्याची विहीर कोरडी पडते. कोरडं बोअर पदरात पडलं तर कर्ज तेवढं राहतं.

तापीकाठचे शेतकरी म्हणतील, आमच्याकडे कातळ नाही, खोल गाळ आहे. गाळात पाणी पुष्कळ मावतं हे खरं. पण पाऊस वरूनच पडतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पातळी खोल गेली. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात तेच झालं.

सरकारने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी कायदा केला : सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नाही. २००९ चा कायदा २०१४ पासून अमलात आला. त्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले. कागदावर नियम चांगले आहेत. रात्रीतून बोअर होतं तेव्हा मात्र ते बघायला कोणी नसतं. जिथे गावानेच ठरवलं तिथे ते टिकलं. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही वाटा, ऊस घ्यायचा नाही. नगरकडच्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवलं, ऊस-केळी टाळली आणि पावसाळ्यानंतर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बी ठरवायची पद्धत घातली.

असा ताळेबंद मांडायला मोठं शास्त्र लागत नाही. दगड बांधलेली दोरी घ्या, तिला दर हातावर गाठ मारा. पहाटे पंप सुरू होण्यापूर्वी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते, तेच महिने तुम्हीही धरा. शेजारच्या पाच-सहा विहिरींचे आकडे एका वहीत आले की ऑक्टोबरच्या आकड्यावरून गव्हाचं क्षेत्र ठरवता येईल. पाणी मागच्या सालापेक्षा खाली असेल तर थोड्या रानात गव्हाऐवजी हरभरा घ्या. त्याचं दोन पाळ्यांत भागतं.