भिंतीवरची नोटीस आणि पस्तीस बायका

हेडफोन लावलेत ना? आज पुण्यातल्या एका घराची गोष्ट. काही भाग ऐकायला जड जाईल, आधीच सांगते.

साल १८६३. काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पडावा म्हणून उपाय झाले, ते फसले. मुलगा झाला, आणि बदनामीच्या भीतीनं तिनंच त्याला मारून मागच्या विहिरीत टाकलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टानं तिला जन्मठेपेवर काळ्या पाण्यावर धाडलं. शिक्षा तिला झाली. (तुम्हाला आत्ता जो प्रश्न पडलाय, तो मलाही पडलाय.)

हा खटला जोतीरावांच्या जिव्हारी लागला. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मणवस्तीत, गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर छापील नोटिसा चिकटवल्या. आशय असा, की इथे या, गुपचूप बाळंत व्हा. मूल सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. मला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. जिला केस ठेवायचे की नाही हेही ठरवता येत नव्हतं, तिला इथे कुणीतरी निर्णय विचारत होतं.

आपण 'पहिलं गृह' म्हणून टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. पण ४ डिसेंबर १८८४ ला जोतीरावांनी सरकारला लेखी मत दिलं, त्यात आकडे आहेत. तोवर ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. मुलं जगली किती? ५. बाकीची ३० गेली, कारण जोतीरावांच्या मते दिवस लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतली असणार. पोटातच बाळांना इजा झालेली.

म्हणजे दार उघडं होतं, पण बाई तिथवर पोचायची ती सगळे उपाय करून झाल्यावर. नोटीस भिंतीवर लागली तरी वाचता किती जणींना येत होतं? आणि घराबाहेर पाऊल टाकायचं तरी कसं? जोतीरावांनी हा आकडा झाकला नाही, हे मला मोठं वाटतं.

अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्यानं १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्यासोबत रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांनाही प्लेग झाला, आणि १० मार्चला त्या गेल्या.