ताडगूळ का परवडला नाही? सरपणाचा हिशोब

मुकुटबन म्हटलं की तुम्हाला चुनखडी आणि सिमेंट आठवेल. मला आठवतो गूळ, तोही न झालेला. विदर्भात नाल्याकाठी, बांधावर शिंदी आपोआप उगवते. पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेलात तर तिथे गौड समाज शिंदी आणि ताडाचा रस पिढ्यान्‌पिढ्या काढतो. झाड आहे, कसबही जवळच आहे. मग शेतकऱ्याने त्या रसाचा गूळ करून चार पैसे का मिळवले नाहीत?

हा प्रश्न जुनाच. वर्धा नदीपलीकडे, मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने तो हाती घेतला. गजानन नाईक यांनी तर ताडगुळालाच वाहून घेतलं. जे. सी. कुमारप्पांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: ऊस चांगली, पाण्याखालची जमीन अडवतो, ताड-शिंदी पडीक जागेत येते. गूळ झाडाचा घ्या, उसाच्या जमिनीत धान्य पिकवा.

जमिनीचा हिशोब बरोबरच होता. पण कढईखाली बघा. एक किलो गुळाला साधारण आठ-दहा लिटर नीरा लागते, म्हणजे सात ते नऊ लिटर पाणी आटवायचं. उसाच्या गुऱ्हाळात रस काढल्यावर उरलेलं चिपाडच चुलाणात जातं. ऊस आपलं सरपण स्वतःच घेऊन येतो. शिंदी आणत नाही. ते सरपण घरच्या बाईने डोक्यावरून आणलं की खर्चाच्या रकान्यात शून्य पडतं, आणि धंदा नफ्यात दिसतो! माझ्या मते ताडगुळाच्या हिशोबात पहिली मेख इथेच आहे.

दुसरी मेख मडक्यात. आतून चुना लावला नाही तर रस काही तासांत आंबतो. (चुन्याची मुकुटबनला वाण नाही म्हणा.) आंबला की ताडी झाली. तिला सरपण नको, कढई नको, गिऱ्हाईक दारात. शिवाय १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर देशी साखर कारखाने झपाट्याने वाढले, आणि ताडगुळाला त्या साखरेशीही झुंजायचं होतं.

यात सरकार कुठे? इंग्रजांच्या काळी आबकारी हे मोठं उत्पन्न, त्यामुळे झाडाला कोयता लागला की सरकारचं लक्ष. पुढे मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नीरेची वेगळी व्याख्या केली: आंबू नये अशी प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला, न आंबलेला रस. व्याख्या भांड्यावर ठरली, परवाना मात्र सुटला नाही. बांध शेतकऱ्याचा, झाड त्याचं, तरी रस काढायला कागद हवा. मोठ्या संस्थेला तो जमतो. दहा झाडांच्या मालकाने त्यासाठी किती खेटे घालायचे?

नीरा बराच काळ टिकली ती मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर, गार पेय म्हणून. तिथे आटवायचं काहीच नव्हतं, आणि गिऱ्हाईक मिनिटागणिक उतरायचं. मुकुटबनहून तशा बाजारात पोचेपर्यंत तिची ताडी झालेली असते.